चालतंय की!

दर रविवारी दुपारी साताऱ्याहून बाबांचा फोन येतो. प्रश्न ठरलेले. जेवलीस का? जावईबापू काय म्हणतात? आणि मग आवाज जरा खाली आणून, मुद्द्याचा प्रश्न. "गाडी सुरू केली होतीस का?"

२०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या तिसऱ्या प्रश्नाला मी सलग सात रविवार एकच उत्तर दिलं. "हो बाबा, एका सेल्फमध्ये!"

खोटं. साफ खोटं. गाडी आमच्या सीवूड्सच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून मेल्यासारखी पडली होती. कव्हरवर एक मांजर राहायला आली होती आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी "मॅडम, चालत नसेल तर काढून टाका, पार्किंगची बोंब आहे" असं दोनदा ऐकवलं होतं.

तर ही गाडी. दीडशे सीसी, काळी, एमएच-४३ पासिंगची. बाबांनी २००३ मध्ये घेतली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि टाकीवर बसून पेढे वाटायला गेले होते. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण बावीस वर्षं चाललेल्या गाडीबद्दल तक्रार करण्याचा हक्क कुणालाच नसतो. २०१८ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा बाबांनी आरटीओत रांग लावून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं. २०२३ मध्ये पुन्हा. त्यानंतर एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि २०२४च्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याला गेले. फ्लॅट आमच्याकडे आला, आणि किल्लीही. "विकू नकोस" असं बाबा म्हणाले नाहीत. "आठवड्यातून एकदा सुरू करत जा" एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ तोच.

माझी सुरुवात जोरात झाली. पहिल्याच महिन्यात मी त्यांची जुनी, झाकणं उघडून पाणी घालायची बॅटरी काढली आणि चांगली सीलबंद, मेंटेनन्स-फ्री बॅटरी बसवली. पाणी नको, कटकट नको. सोळाशे रुपये. दर शनिवारी पाम बीच रोडने वाशीपर्यंत एक चक्कर. एका बाजूला खाडी, तिवरं, आणि थंडीपासून पुढे फ्लेमिंगो. हेल्मेटच्या आत मी चक्क गाणी म्हणायचे.

जानेवारीत ती बॅटरी गेली. वॉरंटीत दुसरी मिळाली. ती मे महिन्यात गेली. तोवर बिल हरवलं होतं (माझ्याकडूनच, अर्थात), म्हणून तिसरी पुन्हा पैसे मोजून घेतली. ऑगस्टमध्ये तिनेही मान टाकली. सेल्फ नाही, हॉर्न नाही, आणि या गाडीचं इग्निशन बॅटरीवर असल्यामुळे किकलाही दाद नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. पोरांनी बग नुसता झाकला आणि मूळ कारण शोधलं नाही, तर मी त्यांना मीटिंगमध्ये उभं सोलते. 'रूट कॉज' हा शब्द मी दिवसातून दहादा वापरते. आणि याच बाईने वर्षभरात तीन बॅटऱ्या बदलल्या, पण "बॅटऱ्या का मरताहेत?" हा प्रश्न एकदाही विचारला नाही!

नवऱ्याने विचारला, पण त्याचं उत्तर तयार होतं. २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या आठवड्यात तो जेवताना, झोपताना, लोकलमध्ये फक्त स्कूटरच्या किमती बघत होता. "अगं, भावना ठीक आहेत, पण किती पैसे घालणार? भंगारवाला आठ हजार देतोय."

त्याचं चुकत नव्हतं. पण दसरा २ ऑक्टोबरला होता आणि बाबा दसऱ्याला येणार होते. गाडीची पूजा करायला.

शेवटचा उपाय म्हणून फुगलेली तिसरी बॅटरी पिशवीत घालून मी दुकानात गेले. दुकानदाराने ती हातात घेऊन वळवली. तिचे दोन्ही गाल बाहेर आले होते. "मॅडम, ही मेलेली नाही, मारलेली आहे. आधी चार्जिंग चेक करा, मग चौथी घ्या." धंदा सोडून खरं बोलणारा माणूस विरळा. मी त्याला मनातल्या मनात दसऱ्याचं सोनं देऊन टाकलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी गाडी ढकलत करावे गावात नेली. सीवूड्सची ही गंमत आहे. स्टेशनवर चकाचक मॉल, बाहेर टॉवर, आणि दहा मिनिटांत तुम्ही गावठाणाच्या गल्लीत, जिथे ओट्यावर सुकट वाळत असते. तिथल्या एका शेडमध्ये साठीचे मेकॅनिककाका बसतात. त्यांनी गाडीकडे बघायच्या आधी आमच्या घामाकडे बघितलं आणि पाणी दिलं.

मग त्यांनी आपली एक चांगली बॅटरी गाडीला जोडली, मल्टिमीटरच्या दोन पिना तिच्या टोकांना लावल्या आणि गाडी सुरू केली. बंद गाडीला १२.६ व्होल्ट होतं, ते बरोबर. "ताई, रेस द्या." मी ॲक्सिलरेटर पिळला. आकडा चढला. १४, १५, आणि थांबला १६.८ वर.

"साडेचौदाच्या आसपास थांबायला पाहिजे," काका म्हणाले. "हा थांबतच नाही. लगेच बंद करा, माझी पण बॅटरी मारेल."

मग त्यांनी जे समजावलं, ते इतक्या सोप्या भाषेत मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनबरोबर एक मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आतल्या कॉइल प्लेटमध्ये वीज तयार होते. ती एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. बॅटरीला लागते डीसी, एकाच दिशेची. शिवाय इंजिन जितकं जोरात, तितका व्होल्टेज जास्त. या दोन्हीचा बंदोबस्त करतो एक काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ॲल्युमिनियमचा डबा, रेग्युलेटर-रेक्टिफायर, गॅरेजच्या भाषेत आरआर युनिट. त्याचा रेक्टिफायर विजेला एका दिशेला लावतो. रेग्युलेटर जास्तीची वीज बॅटरीपर्यंत जाऊच देत नाही, अर्थिंगकडे वळवतो. त्यात डबा तापतो, म्हणून त्याच्या पाठीवर पट्ट्या असतात आणि तो वारा लागेल अशा जागी बसवतात.

"सोसायटीच्या टाकीचा बॉलकॉक असतो ना, तसं समजा. टाकी भरली की पाणी बंद. तुमचा बॉलकॉक अडकलाय. टाकी भरली तरी पाणी येतंच आहे."

पण काकांनी लगेच युनिट बदला असं म्हटलं नाही. आधी त्यांनी कपलर उघडला. आत पिनांवर हिरवं चढलं होतं. खाडीची हवा! आमच्याकडे खिडक्यांच्या कड्या गंजतात, तर ही बारीक वायर काय टिकणार? त्यांनी पिना घासल्या, अर्थिंगची वायर उघडून खालचा गंज खरवडला, पुन्हा घट्ट केली. कारण अर्थिंग कच्चं असलं, तर चांगलं युनिटही चुकीचं वागतं. पुन्हा रेस. पुन्हा १६.८. "आता नक्की. युनिटच."

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "आधी गाडी कोण वापरायचं? बॅटरीत पाणी कोण टाकायचं?"

मी गप्प झाले. कारण मला डोळ्यांसमोर बाबा दिसले. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी साडेसात. बनियनवर, हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि कुठूनतरी मिळवलेली सुई नसलेली सिरिंज. बॅटरीची सहा झाकणं उघडायची, प्रत्येकात पाणी घालायचं, पुसून बंद करायचं. आम्ही हसायचो. आई म्हणायची, "गाडीला तीर्थ पाजतात." शिवाय शोकेसच्या खालच्या खणात बल्ब असायचे. मागच्या लाइटचे, इंडिकेटरचे, हेडलाइटचे. दुकान उघडता येईल इतके.

"म्हणजे युनिट तेव्हापासूनच कामातून गेलंय," काका म्हणाले. "जास्त चार्ज झाली की बॅटरीतलं पाणी गॅस होऊन उडतं, आणि बल्ब लवकर जातात. बाबांनी पाणी पाजून बॅटरी जगवली. तुम्ही बिनझाकणाची लावली. तिला पाणी कुठून पाजणार?"

माझ्या मॉडर्न, कटकट नसलेल्या बॅटरीचा खून असा झाला होता.

नवीन युनिट साडेसातशे रुपयांना आलं. हिशेब करा: दोन बॅटऱ्यांचे बत्तीसशे माझ्या खिशातून गेले होते. "दोन बोल्ट आणि एक कपलर. तुम्हीच बसवा, मी बघतो," काका म्हणाले. मी बसवलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. साइड पॅनेल, दहा नंबरचा पाना, जुना डबा बाहेर. त्याच्या मागे चेसिसवर धूळ आणि गंज होता, तो पॉलिश पेपरने घासला, कारण डब्याची उष्णता त्या पत्र्यातूनही बाहेर जाते. नवा डबा, दोन बोल्ट, कपलर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबला. गाडी सुरू. रेस. १३.९, १४.१, १४.२... आणि आकडा तिथेच थांबला. मी आणखी पिळला. १४.२!

त्या दिवसांत सगळी नवी मुंबई विमानतळाच्या वाटेकडे डोळे लावून होती (८ ऑक्टोबरला उद्घाटन झालंही). पण खरं सांगते, माझं विमान त्या रविवारी करावे गावातूनच उडालं. नवऱ्याने मोबाइलवर मीटरचा फोटो काढला आणि स्कूटरच्या किमतींचं पान गुपचूप बंद केलं.

एक तारखेला संध्याकाळी बाबांना आणायला नेरूळच्या एलपीला गेले. गाडी घेऊनच. त्यांच्या पिशवीत कंदी पेढे होते आणि डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली. "तू विसरली असशील म्हणून."

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, हार घातला, हळद-कुंकू वाहिलं. मग मी सांगून टाकलं. सात रविवारचं खोटं, तीन बॅटऱ्या, १६.८, सगळं. मला वाटलं, चिडतील. ते खाली बसून बराच वेळ त्या नव्या डब्याकडे बघत राहिले.

"मला वाटायचं, जुनी गाडी आहे, पाणी पिणारच," ते म्हणाले. "चालतंय की, म्हणून चालवत राहिलो."

"आणि ते हेडलाइटचे बल्ब? तेही उडायचे?"

बाबा जरा थांबले. "थोडे उडाले. बाकीचे मीच बदलले. उजेड कमी वाटायचा गं. रात्री पाम बीचला समोरून गाडी आली की सगळं पांढरं व्हायचं. वाटायचं, बल्बच खराब. मग जास्त वॅटचा आणायचा."

मी हातातला झेंडू खाली ठेवला. मोतीबिंदू. ऑपरेशनच्या आधी किमान दोन वर्षं हा माणूस रात्री ड्युटीवरून असा घरी येत होता. कधी मला मागे बसवून. आणि आम्हाला बल्बचा खण विनोदी वाटत होता.

"बाबा, दुसऱ्या डोळ्याचं काय? डॉक्टर म्हणाले होते ना, सहा महिन्यांत करून घ्या? सव्वा वर्ष झालं."

"अगं, एकाने दिसतंय व्यवस्थित. चालतंय की."

आमच्या घरात हा शब्द वारशाने आलाय. गाडी बंद असताना मीही फोनवर वेगळं काय म्हणत होते? आपण सगळेच कुठेतरी पाणी घालत असतो. पाठदुखीवर गोळी, न पटणाऱ्या नोकरीवर लोणावळ्याचा वीकेंड. पाणी घालण्यात प्रेम असतं, मान्य. बाबांच्या सिरिंजशिवाय ती गाडी माझ्यापर्यंत पोचलीच नसती. पण त्या प्रेमामुळेच बिघाड इतकी वर्षं कुणाला दिसला नाही. मीटर लावायला दोन मिनिटं लागली होती.

"बाबा, तुम्ही म्हणाल ते खरं असेल," मी म्हटलं. "पण एकदा मोजून तर घेऊ."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रेसला किती म्हणालीस?"

"१४.२."

"आणि आधी?"

"१६.८."

"बरं," ते म्हणाले. "घे अपॉइंटमेंट."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा डोळाही झाला. हिरवी पट्टी निघाल्यावर पहिल्या शनिवारी मी त्यांना मागे बसवून पाम बीचला नेलं. मुद्दाम रात्री. समोरून गाड्या येत होत्या. नेरूळच्या पुढे त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलं, थांब म्हणताहेत.

"हेडलाइट जरा खाली कर," ते ओरडले. "समोरच्याच्या डोळ्यांवर येतोय!"