कुठून, कोणते, काय

१.
डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत क्रियापद आधी: सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर गाव = 'वडगाव'. त्याचा अर्थ मात्र फ्रॉमपासून लागतो, मग व्हेअर, त्यानंतर सिलेक्ट. सभासदांतून वडगावच्यांची नावं काढ. हा तर सरळ मराठी वाक्याचा क्रम! नवशिक्यांना मी आधी मराठी वाक्य लिहायला लावते.

२.
१९७०. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांचा निबंध: माहिती साध्या टेबलांत ठेवा, काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्र बघेल.

१९७३चं ट्युरिंग पारितोषिक चार्ल्स बाखमन यांना. त्यांच्या पद्धतीत एका नोंदीवरून दुसरीवर जायची वाट प्रोग्रामरनेच काढायची. कॉडना ते १९८१मध्ये मिळालं.

३.
डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये अशा टेबलांना प्रश्न विचारायची 'सीक्वेल' ही भाषा मांडली. प्रोग्रामर नसलेल्यालाही विचारता यावं, हा हेतू. त्याच वर्षी बॉइस गेले. तिशीही गाठली नव्हती. पुढे व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे नाव एसक्यूएल झालं. उच्चार अजून अनेकांच्या तोंडी सीक्वेलच.

४.
एसक्यूएलमधला नल म्हणजे शून्य नव्हे. 'माहीत नाही'. नल बरोबर नल का, असं विचारलं तर उत्तर 'हो' येत नाही आणि 'नाही'ही येत नाही.

एका पतसंस्थेच्या यादीत मी गाव 'वडगाव' असलेले मोजले, मग नसलेले मोजले. बेरीज एकूण सभासदांपेक्षा कमी भरली. ज्यांचा गावाचा रकाना कोरा, म्हणजे नल, होता, ती माणसं दोन्हीकडे नव्हती. अशाच याद्यांवरून पैसे वाटले जातात, म्हणून हे मला फार गंभीर वाटतं. 'इज नल' लावून तिसरी यादी काढल्याशिवाय मी आकडा पुढे देत नाही.

५.
डीबेस आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालींत डिलीट म्हटलं की नोंदीवर नुसती खूण व्हायची. रीकॉल म्हटलं की ती परत. पॅक केल्यावरच कायमची जायची.

६.
एसक्यूएलमध्ये डिलीटपुढे व्हेअर राहिलं, की सगळं टेबल रिकामं. कमिट, म्हणजे बदल पक्का, झालं नसेल तरच रोलबॅक करून परत.

७.
नावं अकारविल्हे लावायला सांगितली. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसतो आणि क्षीरसागर खऱ्यांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेप्रमाणे ते हसबनीसांच्याही नंतर हवेत: ह, ळ, क्ष, ज्ञ. मराठीचं कोलेशन, म्हणजे क्रम लावायचे नियम, तयार आहे. टेबल बनवतानाच ते लावायला हवं.