चांदीची वही

गाय खोड्यात येते. मागचं लोखंडी गेट खणकन बंद होतं. मी स्कॅनरचा प्रोब आत सरकवतो, डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये राखाडी चित्र हलतं, थांबतं. चार-पाच सेकंद. मग मी ओरडतो, ‘प्रेग’ किंवा ‘एम्प्टी’. प्रेग म्हटलं की पुढचं गेट डावीकडे उघडतं. एम्प्टी म्हटलं की उजवीकडे.

उजवीकडच्या वाड्यातल्या बहुतेक गाई काही दिवसांनी ट्रकमध्ये चढतात आणि ट्रक कत्तलखान्यात जातो.

हे ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड. जवळचं मोठं शहर रॉकहॅम्प्टन. ते स्वतःला देशाची बीफ राजधानी म्हणवतं, रस्त्यांच्या मधोमध बैलांचे पुतळे उभे आहेत. मी शिकायला आलो आणि हंगामात हे काम धरलं. इथल्या गाई दुधासाठी नसतात. गाईनं वर्षाला एक वासरू द्यायचं, ते वाढवून विकायचं, एवढाच हिशोब. त्यामुळे इथं गाईचं रूप, वजन, चाल यापेक्षा एक प्रश्न मोठा असतो: ती वेळेवर गाभण राहते का?

घरी मी सांगितलंय की जनावरांच्या दवाखान्याचं काम आहे. खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही.

*

पहिल्या दिवशी खोड्यासमोर रांगेत उभ्या गाई बघितल्या आणि मी जरा गडबडलोच. राखाडी-पांढरा रंग, खांद्यावर वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, लांब कान. आमच्या गोठ्यातनं सुटून आल्यासारख्या. इथं त्यांना ब्राह्मण म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेत भारतीय गाई-वळूंपासून ही जात तयार झाली. त्यात कांकरेज, ओंगोल आणि गीर यांचं रक्त आहे, आणि थोडं कृष्णाकाठच्या जातीचंही. 1933 साली अमेरिकेतून ही जनावरं क्वीन्सलंडला आणली. ऊन आणि गोचीड युरोपातल्या जातींना सोसत नव्हतं, यांना सोसलं.

कृष्णाकाठची म्हणजे आमच्या शिरोळ-मिरज भागातली. काळ्या चिकट रानात नांगर ओढायला केलेली, थोराड हाडाची. ट्रॅक्टर आला आणि ती जात मागं पडली. आता फार थोडी जनावरं उरलीत. आमच्या आजोबांकडे त्याच वंशातली एक गाय होती. तिची नात म्हणजे चांदी.

चांदीचं मला सांगायचंय.

*

चांदी पहिल्यांदा व्याली तेव्हा मी अकरावीत होतो. कालवड झाली. चांदी तिला मनसोक्त पाजायची, आबांनाही दोन वेळचं दूध द्यायची. पण चार महिने झाले, सहा झाले, माजावर येईना. मग एकदा आली. डॉक्टर येऊन भरवून गेले. उलटली. पुन्हा भरवली. पुन्हा उलटली.

डॉक्टर म्हणाले, तारखा लिहा. माज कधी दिसला, सोट कसा होता, किती वाजता. आबांनी शंभर पानी वही आणून माझ्या हातात दिली. मी घरातला शिकलेला. गाईचा माज साधारण एकवीस दिवसांनी येतो. देशी गाईचा बऱ्याचदा मुका असतो, म्हणजे हंबरत नाही, उड्या मारत नाही. दहा-बारा तासांत संपूनही जातो आणि पुष्कळदा रात्रीच येऊन जातो. म्हणून रात्री अकराला आणि पहाटे चारला टॉर्च घेऊन गोठ्यात जायचं, शेपटीखाली बघायचं, लिहायचं.

महिनाभर मी गेलो. मग बारावी सुरू झाली, क्लास सुरू झाले, थंडी पडली. अंथरुणातनं उठवेना. सकाळी उठून मी वहीत लिहायचो, ‘माज नाही.’ कधी एकवीस दिवस मोजून अंदाजानं लिहायचो, ‘माज, सकाळी सहा.’ अक्षर चांगलं होतं माझं. तक्ता पट्टीनं आखलेला. त्या वहीवर कुणीही विश्वास ठेवला असता.

आणि ठेवलाच. वहीतल्या तारखा बघून डॉक्टरला बोलवायचे, तो येऊन भरवायचा, पैसे घ्यायचा आणि गाय उलटायची. असं पाच वेळा झालं. एके दिवशी आबा वही चाळत बसले आणि म्हणाले, ‘तारखा तर बराबर हायत. म्हंजे हिच्यातच खोट हाय.’ आजी म्हणाली, ‘हिची कूस एकदाच उजवायची होती.’

चांदीला आठवडी बाजारात नेलं. कुणी घेतली, पुढं तिचं काय झालं, आमच्या घरात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही, अशातली ती गोष्ट.

पण मला जे जास्त टोचतं ते पुढचं. तिची कालवड तेव्हा दीड वर्षाची झाली होती. उंचीपुरी, आईसारखीच राखाडी. आबांनी तीही विकली. ‘आईवर गेली तर? परत तेच वनवास.’ आजोबांच्या गाईची ओळ तिथं संपली.

*

‘आईवर गेली तर?’ हा प्रश्न मी इथं येऊन दोन वर्षं अभ्यासतोय. शास्त्रात त्याला अनुवंशिकता म्हणतात. एकाच कुरणात, एकाच पावसात वाढलेल्या शंभर कालवडी घ्या. त्यांच्यात जो फरक दिसतो त्यातला किती जनुकांमुळे आणि किती चारा-पाणी, आजार, नशीब यांमुळे, एवढंच हा आकडा सांगतो. एकट्या एका गाईबद्दल तो काहीच सांगत नाही. हे परीक्षेत मी नेहमी बरोबर लिहितो.

कित्येक वर्षं पुस्तकात असं होतं की गाईच्या जननक्षमतेची अनुवंशिकता फार कमी, दहा टक्क्यांच्याही आत. मग वंश निवडून सुधारणा करायची कशी? सगळा दोष चाऱ्याचा आणि नशिबाचा. पण मोजत काय होते? गाय गाभण राहिली की नाही. हो किंवा नाही. त्या एका ‘नाही’मध्ये सगळं कोंबलेलं असायचं: वळू आजारी होता, दुष्काळ होता, गाय वयातच आली नव्हती, किंवा पाहणाऱ्याला माज दिसलाच नव्हता.

मग क्वीन्सलंडमधल्या संशोधकांनी कंटाळवाणं काम हाती घेतलं. ब्राह्मण आणि संकरित मिळून दोन हजारांहून जास्त कालवडी. दर चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येकीच्या अंडाशयाचं स्कॅन. अंडं सुटलं की त्या जागी एक गाठ तयार होते. ती पहिल्यांदा कधी दिसली, ती तारीख लिहायची. अंदाज नाही. माज दिसला की नाही याच्यावर भरवसा नाही. थेट आत बघायचं.

2009 मध्ये निकाल छापून आले. ब्राह्मण कालवडी सरासरी 25 महिन्यांच्या आसपास वयात येत होत्या, संकरित त्याच्या तीनेक महिने आधी. पण एकाच जातीत, एकाच कळपातही कुणी कितीतरी लवकर, कुणी कितीतरी उशिरा. आणि या फरकातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा जनुकांचा निघाला. जनुकं आधीही होतीच. नोंद धड नव्हती म्हणून ती दिसत नव्हती.

दुसरी गोष्ट निघाली पहिल्या वेताच्या गाईंबद्दल. गाईचा गाभणकाळ सव्वानऊ महिन्यांच्या आसपास. म्हणजे वर्षाला वासरू हवं तर व्याल्यावर ऐंशी दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. पण ब्राह्मण गाईंतल्या पुष्कळजणी वासरू पीत असेपर्यंत माजावरच येत नाहीत. त्यांच्यात दोष नसतो. अंगात येतं ते आधी दुधाला जातं, उरलं तर पुढच्या गर्भाला. हे किती दिवस लांबतं यातही जनुकांचा मोठा वाटा आहे. आणि त्यातला अर्धा वाटा बापाकडून येतो. म्हणून इथं वळूच्या वृषणाचा घेर टेपनं मोजतात. कमी वयात घेर चांगला भरलेल्या वळूंच्या लेकी लवकर वयात येण्याकडे कल असतो. आमच्याकडे चांदी उलटली तेव्हा तिचा बाप कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. कुठलीतरी रेतनाची कांडी होती, एवढंच.

हे सगळं वाचताना मला चांदी दिसायची, कालवडीला चाटत उभी, अर्धे डोळे मिटलेली. तिच्यात खोट होती का? असेलही. नसेलही. ते आता कळायचं नाही, कारण तिच्याबद्दलचा एकमेव पुरावा मी तयार केला होता आणि तो बनावट होता.

*

गेल्या महिन्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला. मागं गोठा रिकामा दिसत होता, नुसती एक म्हैस. त्यांनी सहज विचारलं, ‘तिकडं भाकड जनावरांचं काय करत्यात रे?’

मी आधी म्हणालो, विकतात. मग थांबलो आणि खरं ते सांगितलं. उजवीकडचं गेट, ट्रक, सगळं. आबा बराच वेळ गप्प. मला वाटलं नेट गेलं.

मग म्हणाले, ‘हितं तरी येगळं काय हुतं? आपण फकस्त बघायचं न्हाई.’

तेवढ्यावर कॉल संपला असता. पण मी म्हणालो, ‘आबा, चांदीची वही मी खोटी लिहीत होतो. रात्रीचा गोठ्यात जातच नव्हतो.’

त्यांनी मोबाईल जरा लांब धरला. चेहरा नीट दिसेना. मला वाटलं शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

‘त्या वर्षी,’ ते म्हणाले, ‘उसाच्या वाढ्याशिवाय काय घातलं हुतं मी तिला? पेंड न्हाई, खनिज मिश्रण न्हाई. डॉक्टर सांगून थकला. तुझ्या क्लासची फी भरायची हुती.’ नुसत्या वाढ्यावर जनावराला कॅल्शियम पुरत नाही, हे मला आता माहीत आहे. त्यांना तेव्हाही माहीत होतं.

‘कालवड तरी ठेवायला पायजे हुती,’ ते म्हणाले. मग आईला हाक मारून त्यांनी मोबाईल तिच्याकडे दिला.

*

परवा सकाळी दोनशे गाई तपासायच्या होत्या. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून सगळे घाईत. सत्तर-ऐंशीच्या आसपास पहिल्या वेताची एक गाय आली. पोट खपाटीला, कासेला वासरू पीत असल्याच्या खुणा ताज्या. स्क्रीनवर गर्भ दिसला नाही. पण एका कोपऱ्यात काळसर ठिपका होता. अगदी सुरुवातीचा गर्भ असू शकतो, नसूही शकतो.

गेटवरचा माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला एक शब्द हवा होता. मागं गाई ढकलाढकली करत होत्या.

तक्त्यात तिसरा रकाना असतो, ‘पुन्हा तपासा’. तो कुणाला आवडत नाही. त्यात टाकलेली गाय वेगळी बांधावी लागते, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा खोड्यात आणावी लागते, तोवर तिला चारा घालावा लागतो. मॅनेजरनं आधीच मला एकदा ऐकवलं होतं, तुझा तिसरा रकाना फार भरतो.

मी तिच्या कानातला नंबर दोनदा वाचला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिला. गेट दोन्हीकडे बंद ठेवून तिला सरळ पुढं सोडली.

सहा आठवड्यांनी ती उजवीकडेही जाईल कदाचित.