छपरावरचे गोटे

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात टिनाच्या घराला दोन छपरे असतात. एक टिनाचे आणि दुसरे त्यावर ठेवलेल्या गोट्यांचे. राळेगाव-घाटंजीकडच्या कोणत्याही खेड्यात पाहा, गोट्यांच्या जोडीला कुठे जुने टायर असते, कुठे फुटके जाते. वाऱ्याने टिन उडू नये म्हणून हा बंदोबस्त. मला वाटते, आमचा गृहविमा तो हाच. हप्ता एकदाच भरायचा, तोही नाल्यातून उचलून!

वारा बेताचा असेतो हा विमा चालतो. वैशाखातल्या दुपारी अंगणात फिरणारी वावटळ तापल्या भुईतून उठते, पऱ्हाटीचा पाचोळा नाचवते आणि विरून जाते. लहानपणी आम्ही तिच्यात शिरून गिरक्या घेत असू. टोर्नाडो म्हणतात ती बया निराळी. ती गडगडणाऱ्या ढगातून खाली सोंड सोडते. आपल्या देशात ती क्वचित येते, पण १९७८ च्या मार्चमध्ये दिल्लीत उतरली होती. १९८९ च्या एप्रिलात तर बांगलादेशातल्या माणिकगंज भागात तिने सुमारे १,३०० माणसे नेली.

आमच्या वाट्याला बहुधा येतो तो अवकाळी वादळाचा झपाटा. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून चौफेर धावत सुटते. छपरावरून जाताना ती टिनाला वर ओढते आणि ओसरीतून आत शिरलेली खालून रेटते. टिन जाते ते जातेच, पण त्यावरचा गोटा घरातच उतरतो, बहुधा खाटेवर. रखवालदारच दरोडेखोर निघावा, तशातली गत! त्यापेक्षा टिन हुकाच्या बोल्टांनी मयालीला आवळावे आणि मयाल भिंतीत पक्की धरावी. खर्च येतो, पण डोके शाबूत राहते. वादळ आलेच तर जवळच्या पक्क्या घरातली आतली, बिनखिडकीची खोली गाठावी. खिडक्या उघड्या टाकल्या की हवा निघून जाते आणि घर वाचते, असे सांगणारे शहाणे भेटतात. त्यांचे ऐकू नये. शेतात असाल तर झाडाखाली मुळीच थांबू नये. वीज आधी झाडच शोधते.

माणसे वाचली, तरी घर पुन्हा उभे करावेच लागते. त्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची विम्याची पॉलिसी निघाली आहे. तीत आग, वीज, पूर, भूकंप आहेत आणि वादळाबरोबर टोर्नाडोही नावानिशी आहे. घराची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते. जागेची किंमत त्यात धरत नाहीत. जमीन काही उडत नाही! घराबरोबर त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, फार तर १० लाखांपर्यंत, सामानाचाही विमा आपोआप उतरतो. दागिन्यांचे मात्र वेगळे सांगावे लागते. वादळात दारे-भिंती पडल्या आणि त्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही धरतात. हे कलम लिहिणाऱ्याने जग पाहिले असले पाहिजे.

सामानाची यादी जवळ असलेली बरी, आणि तिला मुहूर्त दिवाळीचा. साफसफाईच्या निमित्ताने एरवी माळ्यावर दडलेली चीजवस्तू आपण होऊन अंगणात येते. गेल्या दिवाळीत मी वही घेऊन बसलो, तर मोठ्याई कडाडली, “काऊन रे बापू, लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर घर पडाच्या गोष्टी कायले काढतं?”

मी दारावरच्या लिंबू-मिरचीकडे नुसते बोट दाखवले. ती तिनेच बांधली होती. ती काही बोलली नाही. चिंचेने पितळ घासत राहिली. मी कपाट लिहिले, शिलाईचे यंत्र लिहिले, कुलर लिहिला. बराच वेळ गेला. मग पाठमोरीच राहून ती म्हणाली,

“माह्या आंदनातला तांब्याचा गुंड लिहिला का?”