उष्ण वाऱ्याची कैफियत

वसई, वैशाखातील रात्र.

आज भर दुपारी महामार्गावरून विरारकडे जात असता मोटारीतील एसीने शीतल वाऱ्याऐवजी उष्ण झोत सोडावयास प्रारंभ केला, तेव्हा गॅस भरून घेतला की काम भागेल, असाच माझा समज झाला, परंतु नालासोपाऱ्यातील तरुण कारागीर म्हणाला, “काका, गॅस आपोआप आटत नाही, कुठून तरी निसटतो, आधी ती वाट शोधू.”

कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही, कॉम्प्रेसरचा क्लच पकड घेतो की नाही, याची खातरजमा करून, उरलासुरला गॅस यंत्राने काढून घेऊन, त्याने नळ्यांत नायट्रोजनचा दाब दिला आणि साबणाचे पाणी लावताच कंडेन्सरच्या कोपऱ्यात बुडबुडे उमटले. समुद्र, खाडी आणि मिठागरे यांवरून वाहणारा आमचा खारा वारा ॲल्युमिनियमही कुरतडतो, याचा तो प्रत्यक्ष दाखला होता.

नवा कंडेन्सर बसवून, पंपाने नळ्यांतील हवा व बाष्प काढून, बॉनेटखालील पट्टीवर नमूद केलेल्या वजनाइतकाच आर-१३४ए हा गॅस भरला गेला. हा पदार्थ साध्या वातावरणदाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषतो, हेच त्या शीतलतेचे रहस्य. मात्र हवेत मोकळा सुटला, तर तोच कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक पृथ्वी तापवितो.

म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती, की गळतीचा तपास लागल्यावाचून गॅस भरून घेऊ नये.