तबकड्या, सर्व्हर आणि घरचा पडदा

चित्रपटाची तबकडी संगणकाच्या ड्राइव्हमध्ये सरकवावी, संगणकाने ती ओळखून तिच्यातला चित्रपट हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा आणि नंतर घरातल्या कोणत्याही टीव्हीवर किंवा मोबाइलवर, जो मागेल त्याला, तो दाखवावा, एवढे काम ज्या यंत्राकडून अपेक्षित असते त्याला घरगुती मीडिया सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हटले की मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित खोल्या डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र कचेरीतून बाद झालेला एखादा डेस्कटॉप, साधा डीव्हीडी ड्राइव्ह, दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आणि जेलीफिन किंवा प्लेक्स यांसारखे सॉफ्टवेअर एवढ्यावर भागते. हे सारे आपोआप होते असे सांगितले जाते आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे, पण हे आपोआपपण नेमके कुठे संपते, हे मराठी तबकड्यांचा ढीग घेऊन बसल्याशिवाय ध्यानात येत नाही.

राजगुरुनगरात, म्हणजे भीमेकाठच्या आणि लोकांच्या बोलण्यात अजून टिकून असलेल्या खेडात, अशा व्यवस्थेची गरज पाळ्यांमुळे अधिक जाणवते. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या घरांमध्ये एक जण पहिल्या पाळीला तर दुसरा रात्रपाळीला असतो, आणि सगळ्यांनी एकाच वेळी टीव्हीसमोर बसण्याचा योग क्वचितच येतो. नव्वदच्या दशकात गावोगावचा केबलवाला आपल्या खोलीत व्हीसीआर आणि पुढे व्हीसीडी प्लेअर लावून स्वतःच्या चॅनलवर चित्रपट सोडत असे. एका टोकाला प्लेअर आणि दुसऱ्या टोकाला शेकडो घरांतले पडदे, ही रचना तत्त्वतः आजच्या सर्व्हरचीच आहे. फक्त चित्रपट कोणता आणि कधी, हे ठरवण्याचा अधिकार तेव्हा केबलवाल्याकडे होता.

घरोघरी तबकड्या साठल्या त्या त्यानंतरच्या काळात. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणल्यावर चित्रपट भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणे सोपे झाले. या संग्रहांत व्हीसीडीचे प्रमाण मोठे असते आणि सर्व्हरच्या दृष्टीने अवघडही तीच असते. व्हीसीडीवरचे चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचे आणि एका तबकडीवर साधारण 74 मिनिटांचे, त्यामुळे आपला चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर विभागलेला असतो. ही 74 मिनिटे बसवण्यासाठी एक तडजोड केलेली आहे. सीडीवरची माहिती 2352 बाइटच्या तुकड्यांत लिहिलेली असते. संगणकाच्या साध्या सीडीत त्यांपैकी 2048 बाइट प्रत्यक्ष मजकुराला मिळतात आणि उरलेल्यांतला मोठा भाग चूक-दुरुस्तीसाठी राखलेला असतो, तर व्हीसीडीत चित्राला 2324 बाइट दिलेले असतात, म्हणजे दुरुस्तीचा तो जादा थर जवळजवळ काढूनच टाकलेला असतो. म्हणून ओरखडा पडलेली व्हीसीडी नेहमीच्या पद्धतीने कॉपी करू गेल्यास पहिल्याच वाचता न येणाऱ्या तुकड्यापाशी संगणक थांबतो, आणि नवशिक्या ती तबकडी मेली असे समजून फेकून देतो.

वस्तुतः ती बहुधा मेलेली नसते. वाचता येणारा सगळा भाग आधी उचलून घेणारी आणि अडलेल्या जागांकडे नंतर, कमी वेगाने, पुन्हा पुन्हा परतणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांनी मिळवलेल्या प्रतीत एखाद्या गाण्याच्या मधोमध अर्धा सेकंद चौकोनी ठिगळे दिसतात आणि चित्रपट पुढे चालू लागतो. तबकडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये, कारण माहितीची रेघ गोलाकार असते आणि तिच्या दिशेने पडलेला चरा लागोपाठचे पुष्कळ तुकडे एकदम नासवतो. सीडीची खरी नाजूक बाजू मात्र छापील चित्राची आहे, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असल्याने सुरक्षित राहतो. व्हीसीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहिण्याची सवय या दृष्टीने घातकच म्हणावी लागेल.

डीव्हीडीचे काम यंत्रावर सोपवणे त्या मानाने सरळ आहे. लिनक्स प्रणालीत ड्राइव्हमध्ये तबकडी आल्याची खबर संगणकाच्या गाभ्याकडून मिळते. त्या खबरीला एक छोटी आज्ञावली, म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची लेखी यादी, जोडून ठेवली की उतरवणे, नाव देणे, योग्य फोल्डरमध्ये ठेवणे आणि शेवटी ट्रे बाहेर ढकलणे ही कामे माणसाने हात न लावता पार पडतात. गोची होते ती निवडीत. डीव्हीडीवरचा मजकूर टायटल नावाच्या स्वतंत्र भागांत विभागलेला असतो, आणि सर्वांत लांब टायटल म्हणजे मुख्य चित्रपट असे ही आज्ञावली सहसा धरून चालते. परदेशी तबकड्यांना हा नियम लागू पडतो. आपल्याकडे एकाच डीव्हीडीवर तीन चित्रपट कोंबून विकण्याची रीत होती, तेव्हा या नियमाने तिघांतला सर्वांत लांबलेला चित्रपट उतरतो आणि बाकीचे दोन मुकाट्याने वगळले जातात. नाटकाच्या तबकडीवर प्रत्येक अंक वेगळे टायटल असेल तर सर्वांत लांब अंक तेवढा येतो आणि बाकीचे येत नाहीत.

ओळख पटवण्याची अडचण याहून मोठी आहे. तबकडीला स्वतःचे एक अंतर्गत नाव असते आणि त्यावरून आज्ञावली इंटरनेटवरच्या चित्रपटसूचीत शोध घेते. पुष्कळ मराठी तबकड्यांच्या निर्मात्यांनी तिथे चित्रपटाचे नाव भरण्याऐवजी ‘डीव्हीडी व्हिडिओ’ एवढेच ठेवून दिलेले असते, त्यामुळे दहा तबकड्या एकाच नावाने उतरतात आणि सर्व्हर त्यांना भलत्याच चित्रपटाचे पोस्टर चिकटवून मोकळा होतो. नाव हाताने भरावे लागते, आणि वर्षासकट भरावे लागते: केवळ ‘श्यामची आई’ असे लिहिले तर ती अत्र्यांची 1953 ची की सुजय डहाके यांची 2023 ची, हे यंत्राला समजण्याचा मार्ग नाही. प्रभातच्या बाबतीत वर्षही पुरत नाही, कारण ‘कुंकू’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ हे दोन्ही 1937 चेच. त्यांना एकाच चित्रपटाचे दोन आवाज समजून एकत्र करणे चूक ठरेल, कारण ती दोन स्वतंत्र चित्रीकरणे आहेत. इथे सर्व्हर चालवणाऱ्याला ग्रंथपालाचे काम करावे लागते, आणि ते त्याने यंत्रावर सोडू नये असेच म्हणावे लागेल. आज्ञावलीने उतरवलेली प्रत आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवावी, माणसाने नाव आणि टायटल पाहावे, मगच ती संग्रहात जावी, हा एक थांबा राखला तर पुढची निस्तरानिस्तर वाचते.

उतरवलेला चित्रपट नव्या पद्धतीने दाबून लहान करण्याचा मोह होतो, तोही टाळलेला बरा. डीव्हीडी एका थराची असेल तर 4.7 गिगाबाइट आणि दोन थरांची असेल तर 8.5 गिगाबाइटपर्यंत, सरासरी साडेसहा धरली तरी 200 तबकड्या 1.3 टेराबाइटमध्ये बसतात. मुळातच बेताचे असलेले चित्र पुन्हा दाबले की अंधाराची दृश्ये डागाळतात. टीव्हीला डीव्हीडीची एमपेग-2 ही जुनी पद्धत कळत नसेल तर सर्व्हर दाखवता दाखवता तिचे रूपांतर करून देतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात आणि एवढ्या लहान चित्रासाठी ते जुन्या प्रोसेसरलाही झेपते. डीव्हीडीचा प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त 10 मेगाबिटच्या आसपास असतो, म्हणजे साध्या 100 मेगाबिटच्या तारेलाही तो जड नाही. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींतून वायफाय मात्र अडखळते, तेव्हा सर्व्हरपासून टीव्हीपर्यंत एक तार ओढणे हाच खात्रीचा उपाय.

विजेचा प्रश्न या पट्ट्यात वेगळ्याच रीतीने येतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही बहुधा तोच, म्हणजे ज्या दिवशी कामगाराला चित्रपट पाहायला सवड त्याच दिवशी सर्व्हर बंद पडायचा. छोटा यूपीएस लावावा, आणि वीज परतल्यावर संगणकाने स्वतःहून चालू व्हावे ही बायोसमधली, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीतली, सूचना सुरू करून ठेवावी. हे आपोआपपण मात्र निःशंकपणे पत्करावे.

कायद्याचा मुद्दा संकोचाने टाळला जातो, तो टाळू नये. भारतीय कॉपीराइट कायद्यातले कलम 52 खासगी वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला मुभा देते. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ तबकडीवरचे संरक्षक कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, परंतु हक्कभंगाच्या हेतूने तोडल्यास. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे टिकतो. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या घरात पाहणे आणि तिची प्रत व्हॉट्सॲपवरून गावभर वाटणे यांतले अंतर यावरून स्पष्ट व्हावे. भाड्याने आणलेली तबकडी उतरवून ठेवणे या अंतराच्या दुसऱ्या बाजूला पडते, आणि सर्व्हरला बाहेरून पाहता येण्याची सोय करून त्याचा पासवर्ड नातेवाइकांत वाटणेही तिकडेच झुकते. मूळ तबकड्या म्हणूनच विकू किंवा टाकू नयेत. तबकडी आपल्याकडे आहे, हाच प्रतीच्या वैधतेचा उरलेला पुरावा असतो. शिवाय घरची हार्ड डिस्क कधी ना कधी बिघडते, आणि तेव्हा ओरखडे पडलेली ती व्हीसीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालावी लागते.