ऐकणारे दोघे

आजाऱ्याच्या उशाशी मोठ्यानं केलेली प्रार्थना दोघं ऐकतात. देवाला आपली गरज मागण्याआधीच ठाऊक असते, हे प्रभु येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगून ठेवलंय. म्हणजे नवं काही कानी पडतं ते अंथरुणावरच्या माणसाच्या. शहाडला मंडळीच्या घरभेटी करताना ही गोष्ट मी मनाशी पक्की धरली आहे.

रुळांलगतच्या एका चाळीत मावशी आजारी होत्या. कसारा लोकल गेली की खिडकीची काच थरथरायची. भेटीला आलेल्या एका भगिनीनं प्रार्थना धरली : ‘प्रभू, हिच्या पापांची क्षमा कर, हिचा विश्वास वाढव, म्हणजे ही बरी होईल.’ घरभेटीत मी डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करते, म्हणून मला दिसलं. मावशींनी चादरीचं टोक मुठीत आवळलं होतं. शब्द देवाला उद्देशून होते, लागले मावशींना. मंडळी उठून गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘माझंच काही चुकलं असेल का गं?’

मी म्हटलं, ‘मावशी, जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारलं होतं. पाप याचं की याच्या आईबापांचं? प्रभूनं सांगितलं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही.’ त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं.

याकोबानं आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला आग म्हटलंय. त्याच जिभेनं आपण देवाची स्तुती करतो आणि देवाच्या प्रतिरूपाच्या माणसाला शाप देतो, याचं त्याला दुःख आहे. मला त्याहून जास्त भीती वाटते ती आशीर्वादाच्या सुरात दिलेल्या दोषाची. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोवर ते खरे मित्र होते. मग ते बोलू लागले, देवाची बाजू घेऊन ईयोबाचं पाप शोधू लागले. शेवटी देवाचा राग ओढवला तो त्यांच्यावरच.

शब्द तारतात, याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. त्यानं आधी संस्कृत काव्याबद्दल आदरानं गप्पा मारल्या आणि मग नवा करार हाती दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. समोरच्याला जे प्रिय, त्याचा मान राखून बोलणं सुरू झालं होतं. म्हणून पुढचं ऐकलं गेलं.

आमच्या कामातही सुरुवात तिथूनच होते. ‘काय मागू तुमच्यासाठी?’ असं मी आधी विचारते. कोणी झोप मागतं, कोणी नातवाची नोकरी, कोणी रुसलेल्या भावाचा फोन. तेच, त्यांच्याच शब्दांत, त्यांचं नाव घेऊन मागायचं. बरं होण्याचं वचन द्यायचं नाही. ते देणं आपल्या हातात नाही. प्रार्थना आटोपशीर ठेवायची, कारण धाप लागलेल्या माणसाला लांबण सोसत नाही.

नव्यानं घरभेटींना येणाऱ्यांना मी एकच कसोटी सांगते : जे ऐकून आजाऱ्याला मनापासून ‘आमेन’ म्हणता येईल, तेवढंच मागा.