पूर्वेची खिडकी

गेली दोन वर्षे आमच्या घरात एका खिडकीवरून तंटा चालू होता. तंटा म्हणजे आदळआपट नव्हे. आमच्याकडची भांडणे मुकी असतात. मी सकाळी खिडकी लावावी, पाचच मिनिटांनी ती सताड उघडी दिसावी, मी पुन्हा लावावी, की अप्पांनी वर्तमानपत्राचे पान जरा मोठ्याने उलटावे, एवढेच.

आमचे घर पुण्यात, कोथरूडच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीखाली एक मोकळा प्लॉट आहे. मालकांचा आपसांत दावा चालू असल्यामुळे तो मोकळाच राहिला. माझे वडील अप्पा 84 वर्षांचे. पाय थकल्यापासून त्यांचे फिरणे संपले आणि त्यांची आरामखुर्ची त्या खिडकीशी जी लागली ती कायमची. दूधवाल्याची चौकशी, शाळेच्या बसला हात, कावळ्याला पोळीचा तुकडा, सारा संसार त्या चौकटीतून.

आणि माझी मुलगी मनू नऊ वर्षांची. नवरात्र जवळ आले की तिला शिंका सुरू होत, डोळे लाल होत, रात्री छातीत शीळ वाजू लागे. 2023 सालच्या धनत्रयोदशीच्या रात्री तिला आडवे होता येईना. खांदे उचलून उचलून ती श्वास ओढत होती आणि मध्येच माझ्याकडे अशी पाही, की तो मी तिला द्यायचा आहे! ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. घरी आकाशकंदील एकटाच जळत राहिला होता.

पुढे डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर निरनिराळ्या द्रवांचे थेंब टाकून सुईने हलके टोचून पाहिले. त्यातल्या एका जागी चांगली गांध उठली. त्या म्हणाल्या, “घराजवळ गाजरगवत आहे का हो?”

गाजरगवत! आमच्या खिडकीखाली दुसरे होते तरी काय? पाने गाजरासारखी, वर पांढऱ्या फुलांचा नाजूक चुरा. त्यावरून कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कुणी चटकचांदणी. हे गवत मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. पुण्यात त्याची नोंद झाली 1955च्या सुमारास, म्हणजे या गावात ते अप्पांहूनही धाकटे! परदेशी गव्हाबरोबर आले असे लोक सांगतात. कसेही येवो, पावसाळा सरता सरता ते भराला येते आणि त्याचे पराग वाऱ्यावर स्वार होतात. खिडकीला आम्ही मोठ्या विश्वासाने जाळी बसवली होती. पण डासाला अडवणारी जाळी परागकणाला म्हणजे वेशीचा दरवाजा.

पराग हाच या शिंकांचा धनी, हे ज्याने प्रयोगाने दाखवले तो चार्ल्स ब्लॅकली हा मँचेस्टरचा डॉक्टर स्वतःच या दुखण्याने बेजार होता. 1873 साली त्याचे पुस्तक निघाले. उंच हवेत पराग असतात का हे पाहण्यासाठी त्याने चिकट काचा पतंगाला बांधून उडवल्या! मनूला हा गृहस्थ फार आवडला. शिंकत शिंकत पतंग उडवणारा डॉक्टर कुणाला आवडणार नाही?

डॉक्टरीणबाईंनी औषधाचा फवारा तर दिलाच. शिवाय घराची शिस्त सांगितली. दव वाळल्यापासून दुपार टळेपर्यंत, आणि कोरडा वारा सुटला की, खिडक्या बंद. केरसुणीला सुट्टी; ओल्या फडक्याने पुसणे, कारण कोरड्या झाडण्याने बसलेला पराग उठून पुन्हा नाकाशी येतो. या महिन्यांत कपडे घरातच वाळवायचे. बाहेरून आल्यावर कपडे बदलायचे, आणि मनूने रात्री केस धुऊन निजायचे, नाहीतर दिवसभरचा पराग उशीवर उतरतो. हवा गाळणारे यंत्रही आणले. त्यातली हेपा जातीची गाळणी 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवते म्हणतात, आणि पराग तर त्याहून कितीतरी मोठा. पण ते यंत्र खिडकी उघडी असली की आडात घागर उपसावी तसे उपसत बसते. आणि जो पराग जमिनीवर बसला, तो त्याच्या तोंडी लागतच नाही. यंत्र आले म्हणून फडके सुटले नाही.

सगळे जमले. खिडकी जमेना.

एका रात्री मी जरा तोडूनच बोललो, “अप्पा, तुम्हाला पोरीचा श्वास मोठा की वारा?” बोललो आणि लाजलो. अप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितले ते मी कधी ऐकले नव्हते. 1950 साली त्यांच्या आईला क्षय झाला आणि तिला मिरजेकडच्या क्षयरुग्णालयात ठेवले. नवी औषधे नुकतीच येऊ लागली होती. ती सगळ्यांच्या हाती नव्हती. मोकळी हवा हाच मोठा उपचार. थंडीतही खाटा उघड्या व्हरांड्यात. नऊ वर्षांच्या अप्पांना अंगणातूनच आईकडे पाहू देत. ती बरी होऊन आली आणि मरेपर्यंत उघड्या खिडकीशी निजली. “खिडकी लावलेली दिसली,” अप्पा म्हणाले, “की मला वाटते कुणीतरी जाणार.”

यावर मी काय बोलणार? आजी मलाही आठवते. बाहेरून येणाऱ्याला ती आधी न्हाणीघराची वाट दाखवी. पाय धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय आत पाऊल नाही. तिची ही अर्धी शिस्त आम्ही डॉक्टरांकडून पैसे देऊन परत आणली होती, आणि उरलेली अर्धी मी रोज सकाळी कडी घालून बंद करीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी लावायचे काम अप्पांनी मागून घेतले. घड्याळ खुर्चीशेजारी ठेवले. पहाटे दव असते तोवर उघडी. ऊन चढले की स्वतः उठून लावतात, आणि काचेतून बसला हात करतात. एवढ्यावर ते थांबले नाहीत. यंदा, 2025च्या जुलैत, गवताला फूल यायच्या आत त्यांनी प्लॉटच्या दोन्ही पक्षकारांना आपल्या वळणदार अक्षरात पत्रे लिहिली. एरवी कशावरही एकमत न होणारे ते दोघे गवत उपटण्याला मात्र तयार झाले! ओल्या मातीतून हातमोजे घालून मजुरांनी ते मुळासकट काढले. वरून अप्पा राहिलेली झुडपे काठीने दाखवीत होते. पलीकडच्या नाल्याकाठी गवत आहेच, आणि वारा काही सातबारा पाहून वाहत नाही. तेव्हा कडी, फडके, फवारा सारे चालूच आहे. फटाक्यांच्या धुराच्या रात्री तर खिडकी मुळीच उघडायची नाही, हा अप्पांचाच हुकूम.

परवा संध्याकाळी अवचित सर कोसळून गेली. हवा धुऊन निघाल्यासारखी झाली होती. मी दिवाणखान्यात आलो तो अप्पा कडीवर हात ठेवून उभे.

“मने, उघडू का ग?”

“थांबा आजोबा,” ती आतून ओरडली, “आधी जाळीवरून ओले फडके फिरवते.”